कोपऱ्यावरचा दिवा

इंग्लंडमधील हिंवाळ्याची संध्याकाळ फार लवकर येते. डिसेंबर महिन्यांत चार वाजले न वाजले तोंच सूर्य मावळतो, रस्ते ओलसर होतात, आणि विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा एकसारखीच दारें लावून गप्प बसतात. परक्या माणसाला अशा वेळीं वाटतें कीं, सारा गांव आपापल्या घरांत शिरून कडी लावून बसला आहे. मात्र घरांची ती रांग जेथें संपते तेथें, कोपऱ्यावर, एक खिडकी उजळलेली असते. तिच्या कांचांचा खालचा भाग दुधी असतो; त्यामुळें आंत कोण बसलें आहे हें दिसत नाहीं. नुसता पिवळसर उजेड दिसतो, आणि दार उघडलें कीं बोलण्याहंसण्याचा आवाज क्षणभर रस्त्यावर सांडतो. दारावर एक रंगविलेली पाटी लोंबत असते. तिच्यावर एखादा तांबडा सिंह, एखादा मुकुट, नाहींतर एखादा ओक वृक्ष काढलेला असतो. हाच त्या आळीचा पब.

आपल्याकडील सुशिक्षित घरांत अशा जागेचा विषय निघाला कीं पहिल्यानें आठवतो तो 'गुत्ता' हा शब्द. आणि तो शब्द आपलें चित्र बरोबर घेऊनच येतो. अंधारी जागा, उधळलेला पगार, आणि घरीं वाट पाहणारी बायको! हें चित्र खोटें नाहीं. इंग्लंडनेंही तें पाहिलेलें आहे. विल्यम होगार्थ या चित्रकारानें १७५१ सालीं कोरलेल्या 'जिन लेन' या चित्रांत भान हरपलेल्या आईच्या हातून तिचें मूल खालीं पडत आहे. त्याच वर्षीं त्यानें 'बिअर स्ट्रीट' हें जोडचित्र काढलें, व तेथील माणसें मात्र धट्टींकट्टीं व उद्योगी दाखविलीं. होगार्थचा हा निवाडा आजचें वैद्यक मान्य करणार नाहीं. मद्य यकृताला ओळखतें. देशोदेशींच्या रीतिभाती तें ओळखीत नाहीं.

तेव्हां लहानशा शेजारच्या पबाची गोडी कशांत आहे हें शोधावयाचें, तर ती पेल्यांत नाहीं असें धरूनच शोधलें पाहिजे. पेला आतां कोठेंही मिळतो. किराणामालाच्या मोठ्या दुकानांत तर तो पबापेक्षां पुष्कळच स्वस्त मिळतो. असें असूनही कोपऱ्यावरचा पब बंद होणार अशी वार्ता उठली कीं, ज्यांनीं महिनोन् महिने तेथें पाऊल टाकलेलें नसतें अशीं माणसेंही सभा भरवितात, वर्गणी गोळा करतात आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवितात. असें कोणतें धन तेथें ठेवलेलें असतें, कीं जें जाणार म्हणतांच एवढी धांवपळ व्हावी?

उत्तराची किल्ली नांवांतच आहे. 'पब' हें 'पब्लिक हाऊस' या दोन शब्दांचें संक्षिप्त रूप. त्यांतला 'हाऊस' हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. १८३० सालच्या कायद्यानें इंग्लंडमध्यें कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी भरून आपल्या राहत्या घरांत बिअर विकण्याचा परवाना मिळूं लागला, आणि अनेक साध्या घरांच्या पुढल्या खोल्या पाहतां पाहतां पानगृहें बनल्या. बाईनें पडदे लावलेले, भिंतींत शेकोटी पेटलेली, कोपऱ्यांत कुत्रें पेंगत पडलेलें, आणि मालकाचें बिऱ्हाड वरच्या मजल्यावर! मालकाला इंग्रज 'लँडलॉर्ड' म्हणतात, म्हणजे घरधनी. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचें तें नातें नव्हे. पाहुणा आणि यजमान यांच्या नात्याच्या तें अधिक जवळ आहे. फरक इतकाच कीं, या घरीं यावयाला निमंत्रण लागत नाहीं, आणि निघतांना कोणी 'आणखी थोडें बसा' म्हणून आग्रह करीत नाहीं. आपल्या दिवाणखान्यांत कोणी आलें तर तो येण्याचें कारण सांगतो. पबांत येण्याला कारण सांगावें लागत नाहीं. हातांतला पेला हेंच तेथें कारण समजलें जातें. आणि पेल्याचें मुख्य काम एवढेंच, कीं त्यानें माणसाला कारण पुरवावें.

आंतली रचनाही मोठ्या धोरणाची असते. पबांत टेबलापाशीं येऊन हुकूम घेणारा वाढपी सहसा नसतो. ज्याला हवें त्यानें उठून फळीपाशीं जावें, आपली पाळी येईपर्यंत उभें राहावें, आणि पेला घेऊन परत यावें. हा त्रास वाटतो. पण सारी किमया त्या त्रासांतच आहे. फळीपाशीं दोन मिनिटें उभें राहिलें कीं शेजारीं उभ्या असलेल्या माणसाशीं हवेविषयीं एक वाक्य बोललें जातें. हवेविषयीं इंग्रज इतका कां बोलतो याची पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु तें वाक्य म्हणजे दारावरची थाप असते. समोरच्याला बोलावयाचें नसेल तर तो 'होय' म्हणून थांबतो, आणि त्यांत कोणाचाच अपमान होत नाहीं. चार जण मिळून आले असले तर प्रत्येकानें पाळीपाळीनें सर्वांसाठीं पेले आणावयाचे, अशी रीत आहे. तिला 'राउंड' म्हणतात. कोणी हिशेब लिहीत नाहीं, पण कोणाची पाळी चुकलेली कोणी विसरतही नाहीं. पांचशें अडुसष्ट मिलिलिटरचा तो पाइंट घोटाघोटानें संपवावयाचा असतो. मध्यंतरीं डोमिनोच्या सोंगट्या मांडल्या जातात, डार्टचे बाण भिंतीवरच्या फळीवर फेंकले जातात, कोणाच्या बागेंतल्या वाटाण्याची चौकशी होते, आणि ठरलेल्या वेळीं घरधनी घंटा वाजवितो, कीं आतां शेवटचा पेला मागून घ्या. त्या घंटेवर चिडलेला माणूस क्वचितच सांपडतो. घरीं जा असें सांगणारें कोणी असावें, हेंही एक सुखच आहे.

या सर्वांना जागेचें लहानपण आवश्यक असतें. मोठ्या सभागृहांत एकटा बसलेला माणूस एकटा दिसतो. चार टेबलांच्या खोलींत तो नुसता बसलेला दिसतो. छोट्या खोलींत शेजारचें संभाषण कानांवर पडतेंच, आणि कानांवर पडलेल्या गोष्टीला उत्तर देण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. ज्याची बायको गेल्या वर्षीं वारली तो वृद्ध गृहस्थ रोज सहा वाजतां येतो व अर्धा पाइंट घेऊन शेकोटीपाशीं बसतो, असें दृश्य त्या देशांत कोणत्याही पबांत दिसतें. तो कोणाशीं फारसें बोलत नाहीं. पण एखादे दिवशीं साडेसहा वाजले आणि तो आला नाहीं, तर घरधनी कोणाला तरी त्याच्या दाराशीं पाठवून देतो. आपली गैरहजेरी कोणाच्या तरी ध्यानांत येईल, हें आश्वासन मोठ्या शहरांत पैसे टाकूनही विकत मिळत नाहीं. तें येथें अर्ध्या पाइंटबरोबर फुकट मिळतें.

विचारवंतांचें लक्ष या गोष्टीकडे गेल्यावांचून राहिलें नाहीं. १९३७ सालीं 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं बोल्टन या गिरणीगांवांत ठाण मांडून तेथल्या पबांचें निरीक्षण सुरू केलें. कोण कोठें बसतो, पेला किती मिनिटांत संपवितो, कशाविषयीं बोलतो, याच्या त्यांनीं नोंदी केल्या, आणि १९४३ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा एक निष्कर्ष असा कीं, त्या गांवांत राहतें घर आणि कामाची जागा हीं दोन सोडलीं, तर सर्वांत अधिक माणसें सर्वांत अधिक वेळ कोठें घालवीत असतील तर ती पबांत. पुढें १९८९ सालीं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनीं घर व कचेरी यांखेरीजच्या अशा जागेला 'तिसरें स्थान' हें नांव दिलें, व पुष्कळांच्या तें तोंडीं बसलें.

तथापि या विषयावरचें सर्वांत प्रसिद्ध लेखन एका लहानशा वृत्तपत्री निबंधाचें आहे. बिहारांतील मोतीहारी येथें १९०३ सालीं जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनीं तो ९ फेब्रुवारी १९४६ रोजीं लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' मध्यें लिहिला. त्यांत त्यांनीं 'द मून अंडर वॉटर' नांवाच्या आपल्या आवडत्या पबाचें वर्णन केलें आहे. तो एका बाजूच्या रस्त्यावर आहे; बसच्या थांब्यापासून दोनच मिनिटांवर, पण झिंगलेल्या टोळक्यांना न सांपडणारा. आंत बोलतां येईल इतकी शांतता आहे, पेले देणाऱ्या बायका बहुतेकांना नांवानें ओळखतात, आणि मागें बाग असल्यामुळें नवऱ्याबरोबर बायकामुलांनाही येतां येतें. असें सगळें सांगून झाल्यावर ऑर्वेल कबूल करतात कीं, असा पब मुळांत नाहींच! सांगितलेल्या दहा गुणांपैकीं आठ गुण असलेला एक पब त्यांना ठाऊक होता, एवढेंच. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या दहा गुणांत पेयाला जागा अगदीं थोडी आहे. बाकी सर्व माणसांविषयीं व त्यांच्या बसण्याउठण्याविषयीं आहे.

येथवर जें वर्णन झालें तें सर्व 'हाऊस' या शब्दाचें. आतां 'पब्लिक' या शब्दाकडे वळलें पाहिजे, आणि तेथें या गोडीची खरी परीक्षा आहे. जी जागा ऊबदार असते ती कोणाला तरी थंडींत उभें ठेवून ऊबदार झालेली असते काय? दुधी कांचांच्या आड जी आपुलकी नांदते, ती कोणाकोणाची?

जुन्या पबांत खोल्या अनेक असत. 'पब्लिक बार' मजुरांसाठीं. तेथें बाकें साधीं व बिअर थोडी स्वस्त. 'सलून' बऱ्या कपड्यांतल्यांसाठीं, तेथें गालिचा. आणि एका बाजूला 'स्नग' नांवाचा कोनाडा, जेथें ज्यांना कोणाच्या दृष्टीस पडावयाचें नसे ते बसत. त्यांत स्त्रियाही पुष्कळ असत. इंग्रजींत 'स्नग' या शब्दाचा अर्थच मुळीं ऊबदार, सुखकर असा आहे. पण त्या कोनाड्यांतली ऊब ही लपण्याची ऊब होती. स्त्रीनें उघडपणें फळीपाशीं उभें राहणें पुष्कळ ठिकाणीं रुचत नसे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील पत्रकारांच्या एका प्रसिद्ध मद्यगृहांत स्त्रियांना फळीपाशीं पेय मिळत नसे. त्यांनीं मागच्या खोलींत जाऊन बसावें असा दंडक होता. दोन स्त्रियांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि १९८२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो दंडक बेकायदेशीर ठरविला.

याहून कडू इतिहास रंगाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक या गांवच्या ओतशाळांत पंजाबांतून गेलेले शेंकडों कामगार राबूं लागले. भट्टीपुढें दिवसभर घाम गाळून संध्याकाळीं ते पबांत गेले, तर कांहीं पबांत बरी खोली गोऱ्यांसाठीं राखलेली आढळे. यांना तेथें बसण्यास मज्जाव. भारतीय कामगारांच्या संघटनेनें याविरुद्ध लढा चालविला होता. त्या संघटनेच्या निमंत्रणावरून १२ फेब्रुवारी १९६५ रोजीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स स्मेदिकला आले. तेथील एका पबाच्या राखीव खोलींत त्यांना कांहीं देण्यास नकार मिळाला. त्यानंतर नऊच दिवसांनीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचा खून झाला. माल्कम एक्स हे मुसलमान होते व मद्य त्यांना वर्ज्य होतें. तेव्हां ते तेथें पिण्यासाठीं गेले नव्हते हें उघड आहे. त्यांनीं मागितली ती बसावयाची जागा. आणि नाकारली गेली तीही जागाच. पबाचें मर्म पेल्यांत नाहीं, याचा याहून निःसंदिग्ध पुरावा शोधूनही मिळणार नाहीं.

त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा केला, आणि सार्वजनिक जागीं, पबांतसुद्धां, वर्णावरून कोणाला नाकारणें बेकायदेशीर झालें. कायद्यानें दार उघडलें. आंत आपुलकी उत्पन्न करणें हें मात्र कायद्याच्या हातचें नसतें. तें काम दुसऱ्या मार्गानें झालें. पुढें ओतशाळा बंद पडूं लागल्या, गिऱ्हाईक कमी झालें, आणि स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच, वुल्व्हरहॅम्टन या भागांतले डबघाईला आलेले अनेक पब पंजाबी कुटुंबांनीं चालवावयास घेतले. त्यांनीं पाटीवरचा सिंह वा मुकुट तसाच राहूं दिला, फळी तशीच ठेवली, डार्टची तबकडी हलविली नाहीं. फक्त मागच्या बाजूला तंदूर पेटविला. आज त्यांना 'देशी पब' असें म्हणतात. तेथें लोखंडी तव्यावर चरचरत येणारें भाजलेलें मांस, नान आणि बिअर अशी त्रयी जमते, आणि जुने गोरे म्हातारे आपापल्या ठरलेल्या जागीं बसलेले असतात. ज्यांना एके काळीं दाराशीं थांबविलें जाई त्यांचींच मुलें आतां घरधनी झालीं आहेत, आणि घंटा तींच वाजवितात. सूड म्हणून कोणी कोणाला बाहेर घातल्याचें दिसत नाहीं. आतिथ्य हातीं आलें म्हणजे त्याचा हाच उपयोग करावयाचा असतो.

असा हा दिवा आतां ठिकठिकाणीं विझत चालला आहे. २००० सालीं ब्रिटनमध्यें सुमारें ६० हजार पब होते. २०२२ पर्यंत त्यांची संख्या सुमारें ४६ हजारांवर आली. कारणें अनेक आहेत. दुकानांतली स्वस्त दारू, वाढलेले कर व भाडीं, घरोघरचीं करमणुकीचीं साधनें, २००७ सालची धूम्रपानबंदी, आणि लोकांचें कमी पिणें. यांतल्या शेवटच्या दोन कारणांबद्दल कोणी शोक करण्याचें कारण नाहीं. पण आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक लाजिरवाणें आहे. कोपऱ्यावरची जमीन महाग झाली. चार टेबलांच्या खोलीपेक्षां चार मजल्यांच्या सदनिका अधिक पैसे देतात. हिशेब पाहणाऱ्याच्या वहींत रोज सहा वाजतां येणाऱ्या वृद्धाची किंमत अर्ध्या पाइंटाइतकीच भरते.

या हिशेबाला एका आळीनें कसें उत्तर दिलें, त्याची हकीगत लंडनमध्यें अजून सांगितली जाते. शहराच्या पश्चिम भागांत 'कार्ल्टन टॅव्हर्न' नांवाचा, १९२०-२१ सालीं बांधलेला एक विटांचा पब होता. त्या जागीं सदनिका बांधण्यास परवानगी नाकारली गेली होती, आणि इमारत संरक्षित वास्तूंच्या यादींत घालण्याचा विचार चालू होता. अशा वेळीं, एप्रिल २०१५ मध्यें, मालकांनीं परवानगीशिवाय ती यंत्रानें पाडून टाकली. रहिवासी पाहतात तों विटांचा ढीग! असे ढीग शहराला नवीन नसतात. दंड होतो, दंड भरला जातो, आणि नवी इमारत उठते. परंतु त्या आळींतले लोक हटले नाहींत. त्यांनीं नगरपालिकेकडे तक्रारींचा वर्षाव केला. वारसावास्तूंची पाहणी करणाऱ्यांनीं यादींत घालण्याच्या विचारानें इमारतीच्या बारीकसारीक नोंदी आधींच करून ठेविल्या होत्या. नगरपालिकेनें हुकूम काढला कीं, पाडलेला पब होता तसाच पुन्हां बांधून द्यावा. २०१६ सालच्या सार्वजनिक चौकशीअंतीं तो हुकूम कायम झाला, आणि मालकांना तो पब विटेवर वीट ठेवून पुन्हां उभा करावा लागला.

लोकांनीं त्यासाठीं सहा वर्षें वाट पाहिली. मध्यंतरीं महामारी आली. महायुद्धाच्या बाँबवर्षावांतही जे उघडे राहिले होते ते देशभरचे पब २० मार्च २०२० रोजीं सरकारी आज्ञेनें बंद झाले. त्या काळांत इंग्रजांच्या घरांत बिअरचा तुटवडा नव्हता. ती दुकानांतून हवी तेवढी मिळत होती. तुटवडा होता तो फळीपाशीं उभें राहून हवेविषयीं एक वाक्य बोलण्याचा.

कार्ल्टन टॅव्हर्नचें दार १२ एप्रिल २०२१ रोजीं पुन्हां उघडलें. पण त्या दिवशीं इंग्लंडांत पबांना फक्त उघड्यावर बसवून पेय देण्याची मुभा होती. ज्या खोलीसाठीं सहा वर्षें भांडले, त्या खोलींत लोकांना अजून बसतां येत नव्हतें. एप्रिलच्या गारठ्यांत अंगावर कोट चढवून ते बाहेरच बाकांवर बसले, पेले हातांत धरले, आणि एकमेकांशीं बोलूं लागले. मागें, त्यांच्या पाठीशीं, नव्या विटांच्या जुन्या भिंतींत ती कोपऱ्यावरची खिडकी उजळलेली होती.